वाचकांचे प्रश्न : इंग्रजी सहज कसे लिहावे, कसे बोलावे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे बडोद्याहून आली आहेत आणि त्या सर्वांचा रोख एकाच अडचणीकडे आहे : व्याकरण शिकून झाले, शब्दही पुष्कळ ठाऊक झाले, तरी आपली इंग्रजी परकी आणि घडवलेली वाटते. म्हणून हे सदर या अंकापुरते त्याच विषयाला दिले आहे. निवडक पत्रांचा सारांश आणि त्यांची उत्तरे पुढे आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत. ती मनातल्या मनात न वाचता तोंडाने म्हणून पाहावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न : मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या निर्यात विभागात काम करते. घरची भाषा मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. इंग्रजीचे व्याकरण बरे आहे आणि मी रोज नवे शब्द पाठ करते. तरीही माझी ई-मेल वाचून वरिष्ठ म्हणतात, ‘चूक काही नाही, पण असे कोणी लिहीत नाही.’ मध्यंतरी एका परदेशी ग्राहकाकडून पैसे आले. ते कोणत्या बिलाचे, हे कळेना, म्हणून मी ‘वुई हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट’ असे लिहिले. त्यांचे उत्तर बरेच तुटक आले. माझे काय चुकले, आणि अशी वाक्ये योग्य रीतीने कशी शिकावीत?

उत्तर : आधी त्या वाक्याविषयी. आपल्याकडे वर्गात न समजलेली गोष्ट विचारताना विद्यार्थी ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो आणि शिक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही, कारण आपण ‘शंका’ विचारतोही आणि घेतोही. इंग्लंड-अमेरिकेतील वाचकाला मात्र ‘डाउट’ म्हटल्यावर आधी अविश्वास ऐकू येतो, आणि गोष्ट पैशांची असेल तर तो अधिकच बोचतो. रक्कम कोणत्या बिलापोटी आली एवढेच आपण विचारत होता. त्यांना वाटले की त्यांच्या व्यवहारावरच संशय घेतला जात आहे. त्या जागी ‘कुड यू लेट अस नो विच इन्व्हॉइस धिस पेमेंट इज फॉर?’ असे लिहिले असते, तर काम झाले असते आणि कोणी दुखावलेही नसते. या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, हे मुद्दाम पाहा. शब्द पाठ करून असे वाक्य सुचत नाही. ते कोणीतरी, कोणाला तरी, अशाच प्रसंगी लिहिलेले आपल्या नजरेखालून आधी जावे लागते.

आपल्या वरिष्ठांना जे खटकते ते समजून घेण्यासाठी मराठीकडेच पाहावे. आपला काळोख मिट्ट असतो, जंगल घनदाट असते, पाऊस मुसळधार असतो आणि चहा कडक असतो. आपण गप्पा मारतो, पैज लावतो, शपथ घेतो, समजूत काढतो. एखादी गुजराती शेजारीण हौसेने मराठी शिकताना ‘आम्ही खूप गप्पा केल्या’ असे म्हणाली, तर आपल्याला सगळे समजते, पण कान क्षणभर अडखळतो. आणि ‘गप्पा मारायच्याच का?’ असे तिने विचारले, तर आपल्यापाशी त्याला कोणताही नियम नसतो, कारण लहानपणापासून ते शब्द एकत्रच ऐकलेले असतात. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’. निर्णय ‘मेक’ होतो, छायाचित्र ‘टेक’ होते, गृहपाठ ‘डू’ होतो आणि लक्ष ‘पे’ केले जाते. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात काही वर्षे इंग्रजीचे प्राध्यापक असलेले आणि पुढे लंडनला भाषाशास्त्र शिकवणारे जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हीच गोष्ट सूत्रासारखी मांडली : शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून. तेव्हा शब्द पाठ करणे सोडावे असे मी म्हणत नाही. तो वहीत एकटा उतरू नये, एवढेच म्हणतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे आणि मराठी माणसाला तिच्यावर हटकून ठेच लागते. आपला एकच शब्द जेथे इंग्रजीत दोन वाटांनी जातो, तेथे भाषांतर करून लिहिणारा बहुधा चुकीच्या वाटेने जातो. ‘पर्यंत’ घ्या. ‘आम्ही गुरुवारपर्यंत थांबू’ आणि ‘कागद गुरुवारपर्यंत पाठवा’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच ‘पर्यंत’ वापरतो. इंग्रजीत थांबणे गुरुवारपर्यंत चालू राहणार, म्हणून ‘वुई विल वेट अन्टिल थर्सडे’. कागद मात्र त्या मुदतीच्या आत कधीतरी एकदाच यायचे आहेत, म्हणून ‘प्लीज सेंड द पेपर्स बाय थर्सडे’. येथे ‘अन्टिल’ घातले, तर गुरुवार उजाडेतो कागद पाठवतच राहा, असा अर्थ निघतो. ‘पासून’चेही तसेच. ‘पाच वर्षांपासून’ म्हणजे कालावधी, तेथे ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘मार्चपासून’ म्हणजे आरंभाचा क्षण, तेथे ‘सिन्स मार्च’. शिवाय ‘मी पाच वर्षांपासून येथे काम करते’ यातले ‘करते’ हे वर्तमानकाळी रूप आपल्याला ‘आय अ‍ॅम वर्किंग’कडे ओढते, आणि इंग्रज मात्र ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणतो. हे नियम व्याकरणाच्या पुस्तकात असतात आणि आपण ते वाचलेलेही असतील. पण ई-मेल लिहिताना नियम आठवायला सवड नसते; जिभेवर रुळलेले वाक्य असेल, तर ते आपोआप पुढे येते.

आता वहीविषयी. एक जाड वही घ्यावी. डाव्या पानावर प्रसंग मराठीत लिहावा, उजव्या पानावर त्या प्रसंगी खरोखर वापरलेले इंग्रजी वाक्य. प्रसंग लिहिताना कंजुषी करू नये. ‘आठवण देणे’ एवढे लिहून भागत नाही. ‘जुने ग्राहक आहेत, आराखडे पाठवून चार दिवस झाले, उत्तर नाही, आठवण द्यायची आहे पण तगादा वाटता कामा नये’ असे लिहावे. समोर येईल : ‘आय अ‍ॅम जस्ट रायटिंग टु चेक व्हेदर यू हॅव हॅड अ चान्स टु लुक अ‍ॅट द ड्रॉइंग्ज.’ यात ‘यू हॅव हॅड अ चान्स टु’ हा तुकडा न बदलणारा आहे. त्याखाली रेघ ओढावी. पुढचा भाग बदलता येतो : करार वाचायला, नमुना तपासायला, लेखापालांशी बोलायला. ‘जस्ट’ हा बारका शब्द येथे आपल्या ‘जरा’सारखे काम करतो, तोही सोडू नये. मग उजवे पान झाकून, केवळ डावीकडचा प्रसंग वाचून वाक्य तोंडाने म्हणावे. अडले तर पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणावे. डाव्या पानाशिवाय ठेवलेली वाक्ये काही दिवसांनी निर्जीव होतात, कारण ती कोणी कोणाला का म्हटली, हेच हरवून जाते.

ही वाक्ये कोठून घ्यावीत, हे शोधायला आपल्याला दूर जावे लागणार नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा ग्राहकांच्या जुन्या ई-मेल आपल्या संगणकातच असतील. नकार कसा दिला आहे, उशिराबद्दल दिलगिरी कशी व्यक्त केली आहे, दर कमी करण्याची मागणी किती शब्दांत केली आहे, हे पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू’ हे वाक्य त्यांत अनेकदा भेटेल. ‘टु’नंतर ‘हिअर’ की ‘हिअरिंग’, हा आपल्याकडे नेहमी पडणारा प्रश्न ते वाक्य पुन्हा पुन्हा पाहून कायमचा सुटतो.

आणखी थोडा वेळ देता येत असेल, तर एक जुनी रीत सुचवतो. एखादा चांगला इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवावा, मूळ बाजूला ठेवावे, आणि काही दिवसांनी आपल्या मराठीवरून तो पुन्हा इंग्रजीत लिहून मुळाशी ताडून पाहावा. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला तिच्या तरुणपणी शिकवणारे रॉजर अ‍ॅस्कम सोळाव्या शतकात लॅटिनसाठी हीच दुहेरी भाषांतराची रीत सांगत. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी तर स्वतःच्या भाषेसाठी, म्हणजे इंग्रजीसाठीच, असे काही केले : आवडलेल्या निबंधातील एकेका वाक्याचे त्रोटक टिपण करून ठेवायचे, काही दिवस जाऊ द्यायचे, निबंध पुन्हा आपल्या शब्दांत लिहायचा आणि मूळ पाहून दुरुस्त करायचा. ताडून पाहताना जो फरक दिसतो, तोच आपला धडा असतो, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला मिळत नाही, कारण प्रत्येकाच्या चुका त्याच्या त्याच्या असतात.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक असून दांडिया बाजारात राहतो. घरी जुने कोश आहेत, त्यांत मोल्सवर्थांचा मराठी-इंग्रजी कोशही आहे. नातवाला त्यातून वाक्ये काढून देतो, तर तो म्हणतो, ‘आजोबा, असे आता कोणी बोलत नाही.’ कोशातील उदाहरणे खरी असतात की कोशकाराने रचलेली? आणि भरवसा कोणत्या कोशावर ठेवावा?

उत्तर : नातवाचे म्हणणे बरोबर आहे, आणि आपल्या कोशांचीही योग्यता तेवढीच मोठी आहे. मोल्सवर्थांचा कोश प्रथम १८३१ साली आणि वाढवलेल्या स्वरूपात १८५७ साली निघाला. मराठीतील म्हणी, वाक्प्रचार आणि शब्दांच्या छटा पाहण्यासाठी आजही त्याच्याकडे धाव घ्यावी लागते. परंतु त्यातील इंग्रजी ही त्या काळची इंग्रजी आहे. नातवाला त्यातून मराठी द्यावी. इंग्रजी दुसरीकडून घ्यावी.

उदाहरणे खरी की रचलेली, हा प्रश्न कोशकारांमध्येही वादाचा राहिला आहे. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी वेगळा कोश हवा, हा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारत आणि जपान या दोन देशांत काम करणाऱ्या इंग्रज शिक्षकांनी पुढे नेला. ढाक्याला शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी मर्यादित, सोप्या शब्दांत अर्थ सांगणारा कोश १९३५ साली काढला. जपानमध्ये शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा कोश ऐन महायुद्धात, १९४२ साली, टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला; आज आपण ज्याला ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश म्हणतो, त्याचे मूळ हेच. कोणत्या क्रियापदापुढे वाक्य कसे बांधावे, हे नमुने देऊन दाखवणे हे हॉर्नबींचे मोठे काम. त्या परंपरेतील उदाहरणे बहुधा कोशकारांनी विद्यार्थ्यांसाठी रचलेली असत. पुढे १९८० च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी कॉलिन्स प्रकाशनाच्या साहाय्याने छापील आणि बोललेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर जमवला आणि त्यातूनच उचललेली वाक्ये देणारा ‘कोबिल्ड’ कोश १९८७ साली काढला. रचलेली वाक्ये भाषेचे खरे रूप दाखवत नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर तयार झालेल्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या संग्रहात सुमारे १० कोटी शब्द असून त्यांतील जवळपास दशांश भाग बोललेल्या भाषेचा आहे.

माझे मत विचाराल, तर नववी-दहावीपर्यंतच्या मुलाला रचलेले छोटे वाक्य अधिक उपयोगी पडते, कारण त्यात एकाच गोष्टीकडे लक्ष राहते; खरे वाक्य लांबून तोडून आणलेले असते, आणि त्याचा मागचा-पुढचा संदर्भ नसला तर मूल गोंधळते. पाया पक्का झाल्यावर मात्र खऱ्या वाक्यांकडे वळलेच पाहिजे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश आज इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. ते पाहताना अर्थ वाचून पुस्तक मिटण्याची जुनी सवय नातवाला लागू देऊ नका. अर्थाखालची तिरप्या टाइपातली वाक्ये हाच त्या नोंदीतील खरा ऐवज असतो. कधी त्याला घेऊन मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जावे. सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून १९१० साली ती उभी केली, आणि सर्वसामान्यांना वाचायला मिळावे हाच तिचा हेतू होता. आजोबा आणि नातू यांनी मिळून एक ताजा इंग्रजी लेख वाचावा आणि प्रत्येकाने आवडलेले एक-एक वाक्य उतरवून आणावे.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. तिच्या वहीतील ‘प्रीपोन’, ‘कझिन ब्रदर’ आणि ‘आय गेव्ह द एग्झाम’ हे सगळे शिक्षिकेने लाल शाईने खोडले. आम्ही घरी-दारी, कचेरीत हेच बोलतो. मग सहज इंग्रजी म्हणजे कोणाची सहज इंग्रजी?

उत्तर : हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि शिक्षिकांच्या सगळ्याच खोडण्याशी मी सहमत नाही. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, हा शब्द भारतात रुळला, सोयीचा आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशात भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून नोंदलाही गेला आहे. मुंबईहून दिल्लीला पत्र जाते तेव्हा तो खुशाल वापरावा. लंडनला पत्र जात असेल तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावे : ‘कॅन वुई ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड टु ट्यूजडे?’ ‘कझिन ब्रदर’मागची गरजही मला समजते. ज्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे वेगवेगळे आहेत, तिच्या माणसाला नुसते ‘कझिन’ म्हणजे मुलगा की मुलगी हेही न सांगणारे, फारच मोघम वाटणार. तरी इंग्रजीत तेवढेच म्हणतात, आणि पुढच्या वाक्यातल्या ‘ही’ किंवा ‘शी’वरून उलगडा होतो.

परीक्षेचे मात्र शिकून घेतलेले बरे. आपण परीक्षा देतो. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो किंवा तिला ‘सिट’ करतो, आणि देतात ते परीक्षक. ‘आय गेव्ह द एग्झाम’ वाचून परदेशातील वाचकाला मुलगीच प्राध्यापिका वाटू शकेल. तसेच ‘ही पास्ड आउट इन २०१८’. आपल्या कानात लष्करी प्रबोधिनीतील पासिंग आउट परेड असते, आणि तो वापर इंग्लंडमध्येही आहे; पण महाविद्यालयाविषयी बोलताना तेथील माणसाला ‘त्याला चक्कर आली’ असेच वाटेल. ‘ही ग्रॅज्युएटेड इन २०१८’ हे निर्धोक. मुलीला यात बरोबर-चूक शिकवण्यापेक्षा, हे वाक्य कोण वाचणार आहे, हे विचारायला शिकवावे. वहीत अशा प्रत्येक वाक्यापुढे ‘येथे चालते’ किंवा ‘सगळीकडे चालते’ एवढे लिहिले तरी पुरे.

प्रश्न : मला आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. अलकापुरीतील एका शिकवणीत आम्हाला तयार निबंध आणि शेकडो ‘उच्च दर्जाची’ वाक्ये पाठ करायला दिली आहेत. ती पाठ करावीत का?

उत्तर : निबंध पाठ करू नयेत. त्या परीक्षेच्या प्रसिद्ध झालेल्या गुणनिकषांतच घोकलेल्या उत्तराची नोंद खालच्या पायरीवर आहे, आणि अनुभवी परीक्षकाला घोकलेला मजकूर ओळखायला दोन ओळी पुरतात : तेवढ्या भागात इंग्रजी एकदम भारदस्त होते आणि पुढच्याच वाक्यात जमिनीवर येते. ही खोड आपल्या गावाला नवी नाही. श्रीअरविंद इंग्लंडहून परतून १८९३ साली बडोदे संस्थानच्या सेवेत आले आणि पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. आपण बोललेला शब्द न् शब्द विद्यार्थी उतरवून घेतात आणि पाठ करतात, याचे त्यांना मोठे आश्चर्य वाटले होते, अशी आठवण त्यांनी नंतर सांगितली आहे.

वाक्ये मात्र घ्यावीत, पण निवडून, आणि ‘उच्च दर्जाची’ म्हणून नव्हे. कोणत्याही निबंधात चिकटवता येते ते वाक्य कोणत्याच निबंधात काही सांगत नाही. त्याऐवजी मत मांडणे, अपवाद सांगणे, कारणाशी परिणाम जोडणे यांसाठी एक-एक साधा सांगाडा घ्यावा. उदाहरणार्थ, ‘धिस मे बी ट्रू ऑफ लार्ज सिटीज, बट इन स्मॉलर टाउन्स...’ हा तुकडा घेऊन बडोद्यातील वाहतूक, घरभाडी, शाळा, दवाखाने अशा वेगवेगळ्या विषयांवर स्वतःची वाक्ये रचावीत आणि ती कोणाला तरी वाचून दाखवावीत. ज्या सांगाड्यावर स्वतःची वाक्ये रचली गेली नाहीत, तो परीक्षेच्या खोलीत आठवणार नाही.

प्रश्न : रोज किती वाक्ये करावीत?

उत्तर : जेवढी दुसऱ्या दिवशी न पाहता म्हणता येतील, तेवढीच. बहुतेकांना तीन-चार पुरतात. जुनी वाक्ये वाढत्या अंतराने पुन्हा म्हणत जावीत; नव्यांपेक्षा त्यांना अधिक वेळ द्यावा.

प्रश्न : हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की हवी तेवढी उदाहरणवाक्ये मिळतात. मग कोश आणि वही कशाला?

उत्तर : यंत्राने दिलेली वाक्ये व्याकरणाने बहुधा निर्दोष असतात, पण प्रसंग सांगितला नाही तर ती गरजेपेक्षा अलंकृत आणि औपचारिक येतात, साध्या चौकशीलाही समारंभाच्या निमंत्रणाचा थाट येतो. म्हणून नुसते ‘वाक्ये दे’ म्हणू नये. लिहिणारा कोण, वाचणारा कोण, ओळख किती जुनी, काय साधायचे आहे, हे आधी सांगावे. एकाच आशयाची दोन-तीन रूपे मागावीत आणि त्यांतील कोणते वरिष्ठांना उद्धट वाटेल, कोणते मित्राला परके वाटेल, हे विचारावे. उत्तरातील न बदलणारा तुकडा कोशाच्या उदाहरणांत सापडतो का, ते पाहावे. सापडला तर वहीत घ्यावा; न सापडल्यास, वाक्य कितीही डौलदार असले तरी, तूर्त बाजूला ठेवावा.